आचाराचा बांध : स्खलन, अनुताप आणि पुनःप्रवृत्ती

विषयप्रवेश

श्रीक्षेत्र माहूर येथे देवदेवेश्वराचे दर्शन करून उतरत असता एका तरुण उपदेशी बंधूने प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. हा तरुण नांदेडच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर दिवाणजीचे काम करतो. उपदेश घेतेवेळी त्याने असत्य न बोलण्याचा नियम धरला होता आणि एक वर्ष तो निष्ठेने पाळला होता. पुढे सोयाबीनच्या हंगामात एके दिवशी मालकाच्या इशाऱ्यावरून त्याने एका शेतकऱ्याच्या मालात ओल आहे त्याहून अधिक असल्याचे सांगितले. भाव पडला आणि शेतकरी काही न बोलता पैसे मोजून निघून गेला. तरुण म्हणाला, ''बाबा, त्या दिवसापासून स्मरणाला बसलो की तो शेतकरीच डोळ्यांपुढे येतो. मोडलेला नियम आता कोणत्या तोंडाने पाळू? पाळतो म्हणालो तर ते ढोंग नव्हे काय?''

हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. ज्याने आयुष्यात काही धरले आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे. ज्याने काहीच धरले नाही, त्याच्या हातून काही सुटतही नाही. संन्यस्त असो वा वासनिक, नियम धरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा दिवस येतो. त्या दिवसानंतर काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

जीवाचे स्वरूप

आपल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानले आहेत. त्यांपैकी जीव हा अनादि अविद्येने बद्ध आहे. हे आपण निरूपणात नित्य ऐकतो आणि परीक्षेत लिहितोही. परंतु त्याचा अर्थ आपल्या स्वतःला लावून पाहत नाही. अविद्येने बद्ध असलेला जीव ज्ञान ऐकल्याबरोबर किंवा उपदेश घेतल्याबरोबर एका दिवसात निर्दोष होत नाही. त्याची जुनी सवय, जुना लोभ आणि जुने भय ही त्याच्या मागे चालत येतात. म्हणून स्खलन झाले यात नवल नाही. नवल वाटते ते अभिमानामुळे. 'माझ्या हातून असे कसे झाले?' या उद्गारात पश्चात्तापापेक्षा 'मी असा नव्हतो' हा अहंकार पुष्कळदा मोठा असतो.

तथापि एवढ्यावरून 'जीव बद्धच आहे, मग चालायचेच' असा निष्कर्ष काढणे हा सिद्धांताचा विपर्यास होय. रोग आहे हे मान्य करणे निराळे आणि पथ्य सोडणे निराळे. बद्धता मान्य केली आहे म्हणूनच आचार सांगितला आहे. मुक्ताला नियमाचे प्रयोजन काय?

लीळाचरित्राची साक्ष

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण बहुधा आचारप्रकरणाकडे वळतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याआधी आपला आद्य ग्रंथ कसा सिद्ध झाला याकडे लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिली त्यांना भेटून, प्रत्येकाचे सांगणे टिपले. सांगणारे कोण होते? भटोबास होते, महदाइसा होत्या, स्वामींच्या सान्निध्यात वावरलेली इतर भक्तमंडळी होती. या मंडळींनी केवळ स्वामींचे माहात्म्य सांगितले असते तरी ग्रंथ झाला असता. पण लीळाचरित्र वाचणाऱ्यास ठाऊक आहे की त्यात भक्तांची भीती आहे, रुसवा आहे, खाण्यापिण्याची आसक्ती आहे, एकमेकांविषयीची असूया आहे, न समजता केलेले प्रश्न आहेत. आणि त्या प्रत्येक ठिकाणी स्वामींनी केलेले निवारण आहे. या गोष्टी म्हाइंभटांना कशा कळल्या? ज्यांची चूक झाली होती त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनीच त्या सांगितल्या. आपली चूक लपविली तर त्या चुकीच्या निमित्ताने स्वामींनी जे निरूपण केले तेही लपले जाईल, हे त्यांनी ओळखले होते.

या ठिकाणी क्षणभर थांबावे. आपण ज्या ग्रंथाचे पारायण करतो, त्यातील पुष्कळसे निरूपण कोणाच्या तरी स्खलनाच्या निमित्ताने झालेले आहे. भक्तांनी चूक झाकली नाही आणि चूक झाली म्हणून आचार उणा करूनही सांगितला नाही. चूक चुकीच्या जागी ठेवली आणि आचार आचाराच्या जागी ठेवला. प्रस्तुत पाठाचा सर्व आशय या एका गोष्टीत आहे.

खुद्द म्हाइंभटांचे चरित्रही हेच दाखविते. ते विद्वत्तेच्या अभिमानाने स्वामींशी वाद करण्यास आले होते. तो अभिमान गळाला, स्वामींचे म्हणणे पटले. परंतु पटल्याबरोबर घर सुटले नाही. त्यांचे अनुसरण पुष्कळ काळाने घडले. पटणे आणि घडणे यांच्यामध्ये जे अंतर आहे ते म्हाइंभटांसारख्या पुरुषालाही चालावे लागले. त्या अंतरात त्यांनी 'मला पटलेच नव्हते' असे स्वतःला समजाविले नाही, आणि 'पटले म्हणजे झालेच' असेही मानले नाही.

असन्निधानातील मार्ग

स्वामींच्या सन्निधानात चूक झाली तर निवारण करण्यास स्वतः परमेश्वर समोर होते. आपण असन्निधानात आहोत. येथे निवारण कोणी करावयाचे? याचे उत्तर 'स्मृतिस्थळा'त मिळते. स्वामी गेल्यानंतर आणि पुढे श्रीगोविंदप्रभूंच्याही निर्याणानंतर भटोबासांनी मार्ग सांभाळला. त्या काळातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. केशोबास आणि पंडित दामोदर हे दोघे व्युत्पन्न विद्वान संस्कृतात प्रश्न करू लागले, तेव्हा भटोबासांनी त्यांना अडविले. स्वामींनी आपल्याला मराठीत निरूपले आहे आणि तुमच्या संस्कृताने स्वामींच्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानासाठी पुष्कळदा केला जातो. आपण तो आचाराच्या दृष्टीने पाहू. केशोबासांनी काही पाप केले नव्हते. जी विद्या त्यांच्या अंगात मुरली होती, ती सवयीने तोंडातून बाहेर आली. स्खलन बहुधा असेच होते. आपल्या जुन्या बळाच्या वाटेने ते येते. भटोबासांनी त्यांना दूर केले नाही, त्यांच्या विद्वत्तेचा अपमानही केला नाही. नियम कोणासाठी आहे एवढेच दाखविले. आणि ज्या केशोबासांना अडविले, त्याच केशोबासांनी स्वामींची वचने निवडून 'सूत्रपाठ' सिद्ध केला, आणि 'दृष्टांतपाठा'तील एकशे चौदा दृष्टांत मराठीत मांडले. निवारण मनापासून स्वीकारले तर त्याचे फळ किती मोठे असते, याचे हे उदाहरण होय.

असन्निधानात सहसाधकाचा शब्द हेच निवारण आहे. ज्याने आपल्याला अडविणारे माणूस जवळ ठेवले नाही, त्याने आपला एक आधार स्वतःच्या हाताने काढून टाकला असे समजावे.

दृष्टांत

आपल्या परंपरेस अनुसरून एक दृष्टांत पाहू. नांदेड-लातूरकडील काळ्या रानाचा शेतकरी शेताला बांध घालतो. एखाद्या मृगात वा हस्तात पाऊस असा येतो की बांध एके ठिकाणी फुटतो आणि माती वाहू लागते. एक शेतकरी म्हणतो, ''फुटलाच आहे, आता काय राहिले?'' तो घरी जाऊन बसतो. रात्रभरात निम्मे रान वाहून जाते. दुसरा म्हणतो, ''बांध फारच उंच होता, म्हणून फुटला,'' आणि उरलेला बांधही नांगरून सपाट करतो. तिसरा त्याच पावसात डोक्यावर पोते घेऊन जातो, फुटल्या जागी दगड टाकतो, वर चिखल दाबतो. उघडीप झाल्यावर पुन्हा जाऊन पाहतो, की बांध येथेच का फुटला. उंदराचे बीळ होते, की वरून दुसऱ्याचे पाणी येत होते?

दार्ष्टांतिक

बांध म्हणजे आचार, माती म्हणजे साधकाची आजवरची कमाई, आणि फूट म्हणजे स्खलन. पहिला शेतकरी म्हणजे निराशा, दुसरा म्हणजे समर्थन आणि तिसरा म्हणजे अनुताप. हे तीनही शेतकरी आपल्या प्रत्येकात आहेत. म्हणून एकेकाचा विचार करू.

पहिला शेतकरी : निराशा

लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात एक वयस्क उपदेशी गृहस्थ होते. वीस वर्षे त्यांनी मांसाहार वर्ज्य केला होता आणि नवस-सायास, बळी यांपासून ते दूर राहिले होते. बहिणीच्या घरी देवीच्या नवसाचे जेवण होते. मेहुण्यांनी ''आमच्या घरचे अन्न तुम्हाला चालत नाही काय?'' असे चार लोकांत टोचले. बहिणीचे डोळे भरले, आणि हे पंगतीला बसले. वाढले ते सर्व जेवले. त्यानंतर त्यांनी आश्रमात येणे बंद केले. श्रद्धा गेली होती म्हणून नव्हे, लाजेने. घरातील देवपूजा थांबली, पोथी कापडात बांधलेली राहिली. अशी दोन वर्षे गेली.

एक वृद्ध तपस्विनी भिक्षेस फिरत फिरत त्यांच्या दाराशी आल्या. गृहस्थांनी खाली मान घालून सर्व सांगितले. तपस्विनींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ''अण्णा, जेवलात ते एक जेवण. दोन वर्षे उपाशी राहिलात, ते कोणी सांगितले होते?''

या वाक्याहून अधिक भाष्य कशास हवे? चूक एका पंगतीची होती. हानी दोन वर्षांची झाली, आणि ती चुकीने नव्हे तर लाजेने केली. दृष्टांतपाठात जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याने त्यालाच हत्ती मानले. निराश साधक आपल्याविषयी तेच करतो. वीस वर्षांचा आचार बाजूला ठेवून एका पंगतीलाच तो आपले पूर्ण स्वरूप मानतो. हेही आंधळेपणच होय.

दुसरा शेतकरी : समर्थन

निराशेपेक्षा समर्थन अधिक घातक आहे, कारण निराश मनुष्याला निदान दुखत तरी असते. समर्थन करणारा नियमच खाली आणतो. मोंढ्यातला तरुण म्हणू शकला असता, ''व्यापारात एवढे चालतेच.'' अण्णा म्हणू शकले असते, ''नातेसंबंध राखणे हाही धर्मच.'' अशा वाक्यांत थोडे सत्य असते, म्हणूनच ती टिकतात.

हा भाग लिहिताना वासनिकांकडे बोट दाखवून थांबता येत नाही. आम्ही संन्यस्त काय करतो? अटन पायी सांगितले आहे. आम्ही मोटारीने जातो. भिक्षा अनोळखी दारी मागावयाची. आमच्यापैकी कित्येकांची भिक्षा ठरलेल्या घरून डब्यात येते. विजनात बसावयाचे त्या वेळी भ्रमणध्वनी वाजत असतो. वार्धक्य, आजार, दूरची स्थाने, अध्यापनाचे काम अशी कारणे असतात आणि त्यांतील काही खरीही आहेत. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध तपस्व्याने मोटारीत बसू नये असे कोण म्हणेल? तक्रार सवलत घेण्याविषयी नाही. सवलतीला सवलत म्हणावे, तिला आचार म्हणू नये. ज्या दिवशी आपण सवलतीलाच आचाराचे नाव देतो, त्या दिवशी पुढच्या पिढीला परत येण्यासाठी जागाच उरत नाही. बांध कोठे होता हेच तिला दिसणार नाही. आपल्याला नियम पाळता आला नाही तरी नियम काय होता एवढे तरी खरे सांगावे. लीळा सांगणाऱ्या भक्तांनी म्हाइंभटांपुढे हेच केले.

तिसरा शेतकरी : अनुताप

येथे प्रस्तुत लेखकास स्वतःचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. लेखकाची दीक्षा होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आश्रमातील काही जण मदतीस गेलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेरगावाहून आलेल्या ब्लँकेटांचे वाटप चालू होते. गर्दीत माझ्या हातात दोन आली. एक पुरेसे होते. उद्या पुन्हा पाऊस आला तर असावे, असा विचार करून दुसरे मी झोळीत घातले. संग्रह करावयाचा नाही हा आमचा नियम. रात्री पाहिले तर शेजारच्या झाडाखाली एक म्हातारी नातवाला पदराखाली घेऊन बसली होती. मी ते पाहिले आणि कूस वळविली. सकाळी ती तेथे नव्हती.

आश्रमात परतल्यावर श्रीगुरूंना हे सांगण्यास मला आठ दिवस लागले. सांगून झाल्यावर मी तीन दिवस उपवास करण्याची अनुज्ञा मागितली. ते म्हणाले, ''उपवास नको. त्याने तुम्हालाच बरे वाटेल. त्या म्हातारीला काय मिळेल? ब्लँकेट घेऊन परत जा, ती नाही भेटली तर तिच्यासारखी भेटेल तिला द्या. आणि उद्या नेहमीच्या वेळी भिक्षेला निघा.'' मी परत गेलो. ती म्हातारी भेटली नाही. ब्लँकेट दुसऱ्या एका बाईला दिले. ती म्हातारी न भेटल्याचे शल्य आज तीस वर्षांनंतरही आहे. ते असावे असेच श्रीगुरूंचे मत होते. पण त्या शल्याने माझी भिक्षा एक दिवसही चुकू दिली नाही.

त्या वेळी न समजलेली गोष्ट आता थोडी समजते. प्रायश्चित्त आपण निवडले की त्यात आपला अहंकार शिरतो. मोठी चूक, मोठा उपवास, मोठा पश्चात्ताप. सर्वत्र 'मी'च मोठा. खरा अनुताप ज्याची हानी झाली त्याच्याकडे पाहतो.

अनुष्ठानाचा क्रम

वरील विवेचनावरून साधकाने ध्यानात ठेवण्याजोगा क्रम असा निघतो.

पहिली गोष्ट, चुकीला तिचे खरे नाव द्यावे. 'थोडे इकडेतिकडे झाले' असे न म्हणता 'मी खोटे बोललो' असे म्हणावे. दुसरी, ती एकाच जाणत्या माणसाला सांगावी. श्रीगुरू, वडील तपस्वी किंवा घरातील समंजस उपदेशी. चार लोकांत सांगत सुटणे हाही एक देखावाच आहे. तिसरी, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई शक्य तेवढी करावी. चौथी, नित्यविधी त्याच दिवशी पुन्हा सुरू करावा. उद्यावर टाकू नये. पाचवी, बांध कोठे फुटला ते पाहावे. अण्णांचा बांध भिडेपोटी फुटला, तरुणाचा मालकाच्या भयाने, लेखकाचा उद्याच्या चिंतेने. प्रत्येकाची फुटण्याची जागा ठरलेली असते. ती ओळखली म्हणजे पुढच्या पावसाआधी तेथे दगड टाकता येतात. अण्णांनी पुढे बहिणीला आधीच सांगून ठेवण्यास सुरुवात केली, की ''मी येईन, कामाला हातभार लावीन, पण त्या पंगतीला बसणार नाही.'' बहीणही मग मेहुण्यांच्या आधी तेच सांगू लागली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सर्व विवेचन क्वचित् होणाऱ्या स्खलनाविषयी आहे. तेच तेच दर आठवड्याला घडत असेल तर ते स्खलन नव्हे, ती जीवनरीती झाली. तेथे अनुतापाचे शब्द पुरत नाहीत. संगत बदलावी लागते, कामधंदा बदलावा लागतो आणि व्यसन असेल तर वैद्यकीय उपचारही घ्यावे लागतात. 'परमेश्वर कृपाळू आहे' हे वाक्य अशा वेळी आपल्या आळसाच्या पांघरुणासाठी वापरू नये.

उपसंहार

माहूरच्या त्या तरुणाला काय सांगितले, ते लिहून हा पाठ पूर्ण करतो. त्याला विचारले, ''त्या शेतकऱ्याचे गाव माहीत आहे काय?'' तो म्हणाला, ''पावतीवर असेल.'' ''किती रुपयांचा फरक पडला?'' त्याने हिशेब करून ठेवलेलाच होता. मग सांगितले, ''ढोंग म्हणजे नियम मोडणे नव्हे. मोडलेला झाकून न मोडल्यासारखे दाखविणे म्हणजे ढोंग. पैसे नेऊन द्या, खरे काय ते सांगा, आणि नियम होता तसाच धरा. त्यात एक अक्षर कमी करू नका.''

काही महिन्यांनी तो भेटला. शेतकऱ्याने पैसे घेतले, पण त्याला घरात बोलावले नाही, असे त्याने सांगितले. मालकाला हे कळल्यावर नोकरीही गेली. आता तो दुसऱ्या दुकानावर कमी पगारावर आहे. आचाराला परतण्याचे मोल कधी कधी असे रोख द्यावे लागते, हे वाचकांपासून लपवू नये. ''स्मरणाला बसता काय?'' असे विचारले. तो म्हणाला, ''बसतो. तो शेतकरी अजून येतो डोळ्यांपुढे. पण आता त्याच्याकडे पाहता येते.''

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपला आचाराचा बांध बहुधा कोणत्या जागी फुटतो? भीड, भय, लोभ की उद्याची चिंता?
२. आपण घेतलेल्या कोणत्या सवलतीला आपण आचार म्हणू लागलो आहोत?
३. आपल्याला अडविण्याचा अधिकार आपण कोणाला दिला आहे? त्या व्यक्तीशी याविषयी शेवटचे बोलणे केव्हा झाले?